दसरा काढायचा कुणी?

भादवा सरत आला, पितरं सुरू झाली, की आपल्या नांदेड-लातूर भागात दोघी भेटल्या की पहिला प्रश्न एकच असतो. "काय गं, दसरा काढला का?" बाहेरच्या माणसाला वाटावं, दसरा म्हणजे पेटीतून काढायची काही वस्तू आहे. आपल्याला अर्थ सांगावा लागत नाही. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर काढायचं. वाकळा, गोधड्या, चादरी, सतरंज्या, घोंगड्या, उशांचे अभ्रे, बाळाची दुपटीसुद्धा. गाठोडी बांधायची आणि नदी गाठायची. गोदावरी, आसना, मन्याड, मांजरा, तेरणा, जी जवळ असेल ती. नाहीतर तलाव, नाहीतर शेतातली विहीर. चार-आठ दिवस नदीचा काठ साड्यांच्या रंगांनी भरून जातो. खडकावर वाकळ, वाळूवर वाकळ, हराळीवर वाकळ.

आणि त्याच चार-आठ दिवसांत घराघरात कुरबुरी होतात. सून म्हणते, "आत्याबाई, आम्ही दर आठवड्याला चादर धुतो. वर्षभर तीच वाकळ अंगावर घ्यायची म्हणजे कसंतरी वाटतं." आत्याबाई म्हणतात, "दर आठवड्याला धुवायला पाणी कोण आणून टाकतंय गं? आमचं काय वाकळा न धुता वाईट झालं का?" मग साबण की पावडर. मग थोरल्या जावेनं किती धुतल्या, धाकटीनं किती. मग नणंद माहेरी आलेली असली तर तिनं हात लावायचा का नाही. वरवर बघितलं तर ही सासू-सुनेची, जावाजावांची भांडणं. मी मात्र जुन्या बायांना विचारत गेले, थोडं वाचत गेले, तेव्हा मला त्यात दुसरंच काही दिसलं. सासू ज्या पाण्यावर धुणं शिकली, ते पाणी सुनेच्या वाट्याला आलंच नाही. सासूच्या अंगावरचं कापड वेगळं, सुनेच्या अंगावरचं वेगळं. प्रत्येकीचा नियम तिच्या काळाच्या पाण्याला आणि कापडाला धरून बरोबर होता. म्हणून आज वाकळ धुण्याचा इतिहास सांगते.

आधी दसऱ्यालाच का, ते बघू. देवीचे दिवस येतात, घट बसतो, घर पवित्र हवं, हे तर आहेच. पण हिशेब बघा कसा जुळतो. आपल्याकडं पाऊस जूनला येतो आणि सप्टेंबरअखेर ओसरतो. नदीला वर्षातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात नितळ पाणी याच दिवसांत. आषाढ-श्रावणातला गढूळ पूर गेलेला असतो, उन्हाळ्यातली डबकी अजून लांब असतात. चार महिन्यांच्या दमटपणानं वाकळांना कुबट वास आलेला असतो, कुठं बुरशीचे काळे ठिपके पडलेले असतात. आश्विनातलं ऊन कडक, आभाळ मोकळं, त्यामुळं जाड वाकळ दोन दिवसांत खडखडीत वाळते. आणि महिन्याभरात थंडी येणार, म्हणजे याच वाकळा अंगावर लागणार. शेतात मूग-उडीद निघालेले, कापूस अजून फुटायचा, रब्बीची पेरणी तोंडावर. म्हणजे हाताला थोडी उसंतही तेव्हाच. पंचांग करणाऱ्यानं हे सगळं बघून ठरवलं असं मी म्हणत नाही. पण पाणी, ऊन आणि उसंत या तिन्ही गोष्टी वर्षातून एकदाच एकत्र येत होत्या, आणि बायांनी तो मुहूर्त बरोबर पकडला.

आता वाकळ ही काय चीज आहे ते बाहेरच्यांना कळत नाही. जुन्या लुगड्यांचे चार-सहा थर एकावर एक घालायचे, मधे फाटकी धोतरं, पोरांचे सदरे, हाताला येईल ते पसरायचं आणि काठापासून आत आत धावदोरा घालत जायचं. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. एका वाकळेत अशी तीन-चार लुगडी मुरलेली असतात. कोरडी असताना उचलली तर तीन-चार किलो. भिजली की दुप्पट-तिप्पट. सुती कापड पाणी पितं आणि सोडायला तयार नसतं. अशी वाकळ घरी न्हाणीत धुवायची ठरवली तर भिजवायला दोन बादल्या आणि खळबळायला निदान पाच. पंधरा लिटरची बादली धरली तर एका वाकळेला शंभर लिटर पाणी झालं. घरात दहा वाकळा असतील तर हजार लिटर. जलजीवन मिशनमध्ये नळानं माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. म्हणजे नळाला रोज पुरेपूर पाणी आलं तरी दहा वाकळांना घराचं जवळजवळ चार दिवसांचं पाणी लागतं, तेही पिणं, स्वयंपाक, अंघोळ, जनावरं सगळं थांबवून. आणि ज्या सासूनं आडावरून किंवा नदीवरून डोक्यावर हंडे आणले, तिला वर्षातून एकदाच वाकळ धुतली म्हणून घाण म्हणायचं? तिनं पाणी घराकडं आणण्यापेक्षा वाकळ पाण्याकडं नेली. हा आळस नव्हे, गणित आहे.

बाकी वर्षभर वाकळ अगदी तशीच पडून राहत होती, असंही नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी ती उन्हात पडायची, झटकली जायची, काठीनं बडवली जायची. बाज उन्हात उभी करून आपटायची, म्हणजे ढेकूण खाली पडायचे. थोरल्या बायांच्या भाषेत "ऊन दाखवणं". आपल्यापैकी पुष्कळजणी हे विसरल्या.

साबण नव्हता तेव्हा कशानं धुवायच्या? चुलीतली राख. त्यातही बाभळीच्या, पळाटीच्या जळणाची राख चांगली म्हणायचे. राख पाण्यात कालवून वरचं निवळ पाणी घेतलं की ते बोटाला बुळबुळीत लागतं, कारण राखेत खार असतो आणि हा खार कपड्यातलं तेल-घाम सोडवतो. जिथं खारी माती मिळे तिथं ती, बाजारातून आणायचा तो सज्जीखार. रेशमी किंवा लोकरीचं काही असेल तर रिठा. माळावर हिंगणाचं झाड असेल तर त्याच्या फळाचा गर, त्यालाही फेस येतो. आणि या सगळ्याच्या जोडीला दगड आणि लाकडी मोगरी. खरं काम मोगरीच करायची. राख मळ सुटा करते, बाहेर काढायला बडवावंच लागतं. दिवसभर वाकळा बडवलेल्या बाईचे दोन्ही खांदे दुसऱ्या दिवशी वर होत नाहीत, हे सांगायला मला कुठल्या पुस्तकाची गरज नाही.

पण सगळ्या घरच्या बायांनी सगळं धुणं स्वतः धुतलं, असं नव्हतं. गावगाड्यात बारा बलुतेदार होते आणि त्यात परीट होता. कपडे खारात भिजवायचे, भट्टीवर उकळायचे, नदीवर बडवायचे, हे त्याचं आणि परटिणीचं काम. मोबदला रोख नव्हता, सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं. लग्नात पायघड्या घालायचा मानही परटाचा. आपण पायघड्यांचा मान आठवतो आणि बाकीचं विसरतो. बाळंतिणीचं अंथरूण, मेलेल्या माणसाखालची वाकळ, आजाऱ्याची चादर, ज्याला घरचं माणूस हात लावायला तयार नव्हतं ते काही गावांत परटिणीच्या आणि काही गावांत सुइणीच्या हाती जायचं. शिवाय आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्यात वेठीची रीत होती. गावात मुक्कामाला आलेल्या अंमलदाराचं काम बलुतेदारांना फुकट करावं लागायचं. अंमलदाराचं अंथरूण स्वच्छ असायचं, ते कुणाच्या तरी न मिळालेल्या मजुरीवर.

आणि परीट सगळ्यांचं धुवायचा असंही नाही. महार-मांगांच्या घरचं धुणं तो घ्यायचा नाही. त्या वस्त्यांतल्या बाया आपलं आपण धुवायच्या, तेही नदीला खालच्या अंगाला. वरच्या अंगाला वरच्या जातींचा घाट, खाली खालच्यांचा. वरून वाहत आलेला सगळा मळ झेलत खालच्या बायांनी आपल्या वाकळा धुतल्या, आणि वर पुन्हा "ते लोक घाण" हे ऐकून घेतलं. धुण्याचा इतिहास सांगायचा आणि ही गोष्ट गाळायची, तर तो अर्धाच इतिहास. तसंच विटाळाचं. बाईला बाहेर बसावं लागायचं तेव्हा तिला वेगळं तरट नाहीतर घोंगडं. लोकरीला विटाळ लागत नाही अशी समजूत होती म्हणून घोंगडं. पण चौथ्या दिवशी तिचं अंथरूण तिनंच, एकटीनं, बाकीच्यांपासून लांब धुवायचं. तिथं जोडीला दुसरी बाई नसायची.

परटाचं नाव निघालं म्हणून एक आठवण करून देते. गाडगेबाबा परीट घरातले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेंडगावला त्यांचा जन्म. अंगावर चिंध्यांची गोधडी म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. त्यांच्या हातातला झाडू सगळ्यांना माहीत आहे. ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला त्यांचं नाव आहे, पुढारी फोटोपुरता का होईना झाडू हातात घेतात. मोगरी हातात घेतलेला पुढारी मात्र मी अजून बघितला नाही.

आता साबणाकडं या. इथं मला जरा रेंगाळायचं आहे, कारण साबण की पावडर हे भांडण मी सगळ्यात जास्त ऐकलं आहे. विलायतेहून सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या त्या १८८८ साली. पुढं देशात कारखाने निघाले. पण आपल्याकडच्या आठवडी बाजारात कपड्याच्या साबणाची लांब वडी येऊन ती तुकड्यांनी विकली जायला पुष्कळ वर्षं गेली, आणि आली तरी ती बाहेर जायच्या कपड्यांसाठी. वाकळेला साबण लावणं म्हणजे उधळेपणा वाटायचा. नदीचं पाणी हलकं असतं, त्यात साबणाला फेस चांगला येतो, आणि राख तर फुकटच.

मग १९७२ चा दुष्काळ आला. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या, सुकडी खाल्लेल्या आज्या अजून आहेत आपल्यात. नद्या आटल्या, आड आटले. त्यानंतर सरकारनं आणि युनिसेफनं गावोगाव खोल बोअर पाडले, हापसे बसवले. ही हापशाची गोष्ट आपल्या मराठवाड्याशीही जोडलेली आहे. आधीचे बिडाचे पंप चार दिवसांत मोडायचे. तेव्हा साठच्या दशकात जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी मजबूत पोलादी पंप बनवला. त्याला जालना पंप म्हणत. पुढं सोलापुरात त्यात सुधारणा झाली, आणि तिथून सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू हा हापसा तयार झाला, जो पुढं जगभर गेला. आपल्या शाळेपुढं, पारापाशी आहे ना, तोच.

हापशानं पाणी गावात आणलं, पण पाणी बदललं. काळ्या कातळाच्या पोटातून आलेलं हे पाणी जड. त्यात चुन्यासारखे क्षार असतात. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, कारण दोन्हीकडं अडवणारे क्षार तेच. साबण त्या क्षारांना चिकटतो आणि पांढरी साय होऊन कापडावर बसतो. कितीही घासा, वाकळ चिकटच. सासूबाई म्हणतात, "साबण पहिल्यासारखा राहिला नाही." साबण तोच आहे, खालचं पाणी पहिल्यासारखं राहिलं नाही.

नेमकं याच काळात धुण्याची पावडर आली. सर्फ १९५९ पासून होता, पण तो शहरातल्या नोकरदारांच्या घरात. १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेल यांनी निरमा काढली, सायकलवरून दारोदार विकली. भाव नावाजलेल्या पावडरीच्या जवळपास चौथाई. ऐंशीच्या दशकात रेडिओनं, टीव्हीनं ती खेड्यापाड्यांत नेली. स्वस्त होती म्हणून ती चालली, हे खरंच. पण आपल्याकडं ती टिकली याला मला वाटतं दुसरं कारण अधिक. पावडर जड पाण्यातही फेस करते, साबणासारखी फाटत नाही. म्हणजे बघा, हापशाच्या पाण्यावर संसार सुरू केलेल्या सुनेला पावडर बरोबर वाटली आणि नदीच्या पाण्यावर हात बसलेल्या सासूला साबण. दोघी आपापल्या पाण्याबद्दल खरं बोलत होत्या. पावडरीचा तोटाही सांगते. हाताची सालटं निघतात, आणि जाड वाकळेतून ती पूर्ण निघायला पाणी जास्त लागतं. नीट निघाली नाही तर लहान लेकराच्या अंगाला खाज सुटते. म्हणून वाकळेला पावडर थोडीच घ्या, आधी बादलीत विरघळवून घ्या. वरून फक्की टाकू नका.

पाण्यामागोमाग कापड बदललं. सुती लुगड्याच्या जागी टेरिकॉटच्या, पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्यांची वाकळ हलकी होते, लवकर वाळते, पण घाम पीत नाही आणि अंगावरून घसरते. सोलापूरची चादर घरात आली, रुखवतात मांडली जाऊ लागली. पद्मशाली विणकरांच्या मागावरची ती चादर आज भौगोलिक मानांकन मिळालेला माल आहे. मग पानिपतहून आलेली मऊ ब्लँकेटं आली, फुलं आणि वाघ छापलेली. त्यांना धुवायला वाकळेहून कष्ट कमी. आणि चादर घरात आली तसा दर आठवड्याला धुण्याचा नियमही आला, कारण चादर आठवड्याला धुता येते. वाकळ येत नाही.

हा नियम बहुतेक घरांत लेकींनीच आणला. लातूर पॅटर्नच्या नावानं लातूरला, नांदेडला शिकवण्या वाढल्या, मुली वसतिगृहात राहू लागल्या. तिथं एका खोलीत चार पलंग, प्रत्येकीची आपली चादर, रविवारी ती धुवायची. तीच मुलगी सून होऊन आली की तिला वाटतं, आपली चादर आपली, दिराच्या आणि पाहुण्यांच्या अंगावर ती जायला नको. सासूला हे तुटकपणाचं वाटतं. कारण तिच्या घरात वाकळ कुणा एकाची नसायची. रात्री ज्याला थंडी वाजली त्यानं ओढायची, आणि एका वाकळेखाली तीन लेकरं. मला दोघींचंही पटतं. पण एका बाबतीत मी सुनेच्या बाजूची आहे, तो म्हणजे खरजेचा विषय.

खरूज ही एका बारीक किड्यामुळं होते. तो माणसाच्या कातडीत राहतो आणि एका वाकळेखाली झोपणाऱ्या तिन्ही लेकरांना धरतो. अंगावरून खाली पडला तर दोन-तीन दिवसांच्या वर साधारण जगत नाही. म्हणून दवाखान्यातून मलम आणलं तर ते घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, आणि त्याच दिवशी सगळ्यांचं अंथरूण-पांघरूण कडकडीत पाण्यात धुवायचं. तेव्हा दसऱ्याची वाट बघायची नाही. पाणीच नसेल तर वाकळ प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि आठवडाभर वेगळी ठेवा, किडा आतच मरतो. नंतर तिला कडक ऊन दाखवा. म्हणजे इथं आत्याबाईंचं ऊनही कामाला येतं.

या शंभरेक वर्षांत असेही प्रसंग आले, जेव्हा दसरा नेहमीसारखा निघालाच नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्रीच गणपती बोळवून लोक झोपले होते. दगड-मातीची, माळवदाची घरं माणसांवर कोसळली. हजारो माणसं झोपेत गेली, अंगावर पांघरूण असतानाच. पितरं दुसऱ्या दिवसापासून बसणार होती, म्हणजे वाकळा नदीला न्यायचे दिवस अगदी तोंडावर आले होते. औसा, निलंगा, उमरगा भागातल्या त्या घरांतल्या वाकळा ढिगाऱ्याखाली राहिल्या. वाचलेल्यांनी थंडी काढली ती मदतीत आलेल्या चादरींवर आणि ब्लँकेटांवर. वाकळ गेली म्हणजे नुसतं पांघरूण गेलं असं नसतं. तीत सासूचं लुगडं असतं, आईचं असतं, मेलेल्या लेकराचा सदरा असतो. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसली, पक्की घरं झाली. पण पुष्कळ बायांचा जुना पाणवठा, धुण्याचा ओळखीचा दगड आणि शेजारी धुणं धुणारी बाई, हे तिन्ही सुटले.

दुसरा प्रसंग पाण्याचाच. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. लातूर शहरात पाणी भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या होतील म्हणून मार्च महिन्यात जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. लाखांनी माणसं असलेल्या शहरात ते माणशी एक-दोन लिटर. त्या दिवसांत चादर धुणं हा विषयच नव्हता. अंघोळीचं पाणी खाली टोपल्यात धरून त्यात कपडे, कपड्यांचं पाणी संडासाला, असं चाललं होतं. दर आठवड्याचा नियम पाळणाऱ्या शिकलेल्या सुनांनी त्या उन्हाळ्यात काय केलं? चादरी उन्हात टाकल्या, झटकल्या, उलट्या करून पुन्हा अंथरल्या. म्हणजे आजेसासूची रीत परत आली. आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी परतीच्या पावसानं मांजरा भरली.

आता आजचं बोलू. दसरा काढायचे दिवस पूर्वी उसंतीचे होते असं मी वर म्हटलं. ती उसंत आता राहिली नाही, आणि याचं कारण नदी नाही, साबण नाही, सोयाबीन आहे. नव्वदच्या दशकापासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीन पसरलं, आणि ते कापणीला येतं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात. म्हणजे पितरपाट्याच्या आणि नवरात्राच्या त्याच दिवसांत. परतीचा पाऊस डोक्यावर, शेंगा फुटायची भीती, आणि मजुरीचा दरही याच दिवसांत चांगला. दिवसभर सोयाबीन कापायचं आणि रात्री वाकळा भिजवायच्या का? की एक दिवसाची मजुरी बुडवून नदीला जायचं? हा प्रश्न जुन्या सासूपुढं नव्हता, म्हणून तिला सुनेची चिडचिड कळत नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बाया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात. पुरुषांतले जे थोडे घरकामाला हात लावतात, ते ९७ मिनिटं. दसऱ्याच्या दिवसांत वेगळं मोजलं असतं तर आकडा काय आला असता, ते तुम्हीच मनाशी करा.

घाईत धोकाही असतो. मे २०२२ मध्ये अहमदपूर तालुक्यातल्या एका तलावात धुणं धुवायला गेलेल्या ऊसतोड कुटुंबातल्या पाचजणी बुडाल्या. एकीचा पाय घसरला की दुसरी हात द्यायला जाते, आणि पोहता कुणालाच येत नसतं. आपण लेकींना धुणं शिकवलं, पोहणं शिकवलं नाही. तेव्हा नदीला जाल तर अनोळखी खड्ड्यापाशी, वाळू उपसलेल्या जागी उतरू नका. एक लांब दोर किंवा जुन्या साडीचा पीळ काठावर ठेवा, आणि लहान पोरींना वाकळ खळबळायला आत पाठवू नका.

आणखी एक गोष्ट. वाकळ एकटीला पिळता येत नाही. एक टोक एकीनं धरायचं, दुसरं दुसरीनं, आणि दोघींनी उलट्या बाजूंनी पीळ द्यायचा. म्हणून दसरा काढायला एकटी बाई कधी जात नसे. आदल्या दिवशी भांडलेल्या सासू-सुनाही त्या दिवशी दोन टोकांना उभ्या असायच्या. हल्ली घरचं पोरगं मोटारसायकलवरून गाठोडी नदीपर्यंत पोचवतं, हे चांगलंच झालं. पण पोचवून ते बाभळीखाली मोबाईल बघत बसतं. यंदा त्याला हाक मारा आणि दुसरं टोक त्याच्या हातात द्या. पीळ त्याचा जास्त बसतो, वाकळ लवकर वाळते.

तुमच्या घरात वाकळा किती आहेत, शेवटची कुणी शिवली, आत कुणाकुणाचं लुगडं आहे, हे थोरल्या बायांना विचारून ठेवा. राखेनं किंवा हिंगणाच्या फळानं वाकळा धुतलेली आजी तुमच्या गावात असेल तर गटाच्या ताईंकडं तिचं नाव द्या. दसरा व्हायच्या आत आम्ही मशीन घेऊन तिच्याकडं येऊ, तिचं बोलणं तिच्याच आवाजात ऐकवायचं आहे.